मायच्या पापण्या

माझ्या मायच्या पापण्यांचे केस आत वळलेले होते. ऐकणाऱ्याला यात फार मोठं काही वाटत नाही. पापणीचा केस तो केवढा! पण ज्वारीच्या खळ्यावर डोळ्यात एवढंसं कुसळ गेलं तरी चांगला दांडगा गडी कसा नाचायला लागतो, ते मी पाहिलंय. मायच्या दोन्ही डोळ्यांत अशी कुसळं कायमची उगवलेली होती. पापणी लवली की ती बुबुळावरून घासत जायची. म्हणून ती पापणी लववायचंच टाळायची आणि डोळे अर्धे मिटून घरभर वावरायची.

तिला खुपऱ्या होत्या, पापणीच्या आतून येणाऱ्या बारीक पुळ्या, अगदी लहानपणापासूनच्या. आमच्या बोरी गावात तेव्हा खुपऱ्या कुणाला होत्या यापेक्षा कुणाला नव्हत्या हे सांगणं सोपं होतं. सकाळी आम्हा भावंडांचे डोळे चिकटलेले असायचे, कोमट पाण्यानं भिजवून ते उघडायचे आणि कामाला लागायचं. याला कुणी आजार म्हणत नसे. मोठं झालं की बहुतेकांचं ते आपोआप थांबायचं. मायचं थांबलं नाही. तिच्या पापण्या आतून आखडत गेल्या आणि केसांनी आत तोंड फिरवलं. तिच्या आईचंही असंच झालं होतं. ती शेवटची कितीतरी वर्षं भिंत चाचपत संडासाला जायची आणि ताटात काय वाढलंय ते बोटानं बघायची. माय दुष्काळाला भ्यायली नाही, सापाला भ्यायली नाही, माझ्या वडिलांच्या, आबांच्या, तापट भावांना तर मुळीच भ्यायली नाही. ती या एकाच गोष्टीला भ्यायची.

इलाज म्हणून केस उपटायचे. ते काम माझं होतं. आठवड्या-दोन आठवड्यांनी, कोवळं ऊन ओट्यावर आलं की माय माझ्या मांडीवर डोकं टेकून आडवी व्हायची. पायातला काटा काढायचा चिमटा आमच्याकडे होता, तोच घ्यायचा. आत वळलेला केस बारीक आणि बिनरंगाचा असतो, समोरून बघितला तर दिसतच नाही. ऊन एका अंगानं पडू द्यायचं आणि पापणी जराशी ओढून धरायची, मग तो चमकतो. तो अगदी मुळाशी धरायचा आणि एका झटक्यात ओढायचा. हात कचरला की केस मध्येच तुटतो, आणि तुटलेलं खुंट अख्ख्या केसाहून वाईट टोचतं. माय तोंडातून आवाज काढायची नाही. माझ्या पायाचा घोटा मात्र मुठीत घट्ट धरून ठेवायची.

सगळे केस निघाले की ती थोडा वेळ डोळे मिटून पडायची. मग उठून बसायची, आभाळाकडे बघायची आणि म्हणायची, "आता कसं गार वाटायलंय बाई."

पुढचे काही दिवस मायचे असायचे. ती सुईत दोरा ओवायची, डाळीतले खडे स्वतः निवडायची, लांबून येणारा माणूस चालीवरून ओळखायची आणि त्याच्यावर काहीतरी शेरा मारायची. मग केसांची खुंटं पुन्हा वर यायची आणि डोळे गळायला लागायचे. कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांची चूल पेटवली की धुरानं तिचे हाल व्हायचे. कापूस वेचताना तिच्या गालावरून सारखं पाणी वाहायचं. बाया म्हणायच्या, "आज माहेराची लय आठवण यायली वाटतं." माय हसून म्हणायची, "न्हाई गं, सासूची यायली." गावात तिला रडकी म्हणायचे. मला त्याचा फार राग यायचा, कारण मी माझ्या आयुष्यात तिला रडताना फारसं पाहिलेलं नव्हतं.

दुष्काळ सरून एक-दोन वर्षं झाली आणि माझं लग्न ठरलं. स्थळ मानवतकडचं होतं. घर चांगलं, खाऊनपिऊन सुखी. आबांना आनंद झाला. मायलाही झाला, पण त्या रात्री तिनं नीट जेवण केलं नाही. माझ्या पाठचे दोघे भाऊ लहान होते. त्यांच्या हाती चिमटा देणं म्हणजे डोळा फोडून घेणंच होतं. शेजारणीचे स्वतःचेच डोळे अधू होते. हळद लागायच्या आदल्या दिवशी मायनं मला ओट्यावर बसवलं आणि म्हणाली, "आज लय बारीक बघून काढ. एक बी ठिऊ नको." जणू मी नीट काढले तर ते पुन्हा उगवायचेच नव्हते.

माझ्यामागं आबांनी चिमटा हातात घेतला. नवऱ्यानं बायकोचं डोकं मांडीवर घेऊन ओट्यावर बसायचं म्हणजे गावाला फुकटचा तमाशा, म्हणून ते घरात, दार लोटून केस काढायचे. उजेड पुरायचा नाही. आयुष्यभर नांगर आणि कुऱ्हाड धरलेली बोटं, त्यांना एवढासा चिमटा नीट धरताच यायचा नाही. केस निसटतो म्हणून ते बोटाला चुलीतली राख लावायचे आणि चिमटीनंच उपटायचे. निम्मे केस तुटायचे. मायनं त्यांना कधी सांगितलं नाही. "चांगलं काढल्यात," म्हणायची आणि परड्यात जाऊन डोळ्यावर ओला फडका दाबून बसायची. हे मला पुढं धाकट्या भावानं सांगितलं.

यावर सोपा उपाय होता. मायनं अधूनमधून माझ्या घरी यायचं, चार दिवस राहायचं, केस काढून जायचं. माझ्या नवऱ्यानं आपणहून तसं म्हटलंही. पण लेकीला लेकरू होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. माय बाकी कशात फार रीतभात पाळणारी बाई नव्हती. इथं मात्र ती अडून बसली. "लेकरू होऊ दे," म्हणायची, "मग महिनाभर येऊन ऱ्हाते. काढ किती काढायचे ते."

लेकरू काही लवकर झालं नाही.

मग आबांनीच एक तोड काढली. मानवतच्या बाजारादिवशी ते मायला घेऊन यायचे. बोरीहून परभणी, परभणीत गाडी बदलून आमचा फाटा. फाट्यावर एक मोठा लिंब होता, त्याच्याखाली माय पदर ओढून बसायची. सोबत फडक्यात बांधलेली भाकरी आणि घरून भरून आणलेला पाण्याचा तांब्या असायचा. मी चिमटा घेऊन जायची. येणाऱ्याजाणाऱ्या एसट्यांची धूळ, थांबून बघणारी माणसं, आणि मांडीवर मायचं डोकं. एकदा बाजाराला निघालेली एक म्हातारी वाकून बघत म्हणाली, "अगं बया, पापणीत बी उवा होत्यात का?" मी तिच्यावर खेकसले. माय मात्र डोळे मिटल्या मिटल्या हसत होती. "होत्यात की," म्हणाली, "तुमच्या बी बघून घ्या मावशी." ती बिचारी डोळ्याला हात लावतच निघून गेली.

असं दोन-तीनदा झालं. मग माझ्या सासूबाईंनी, आत्याबाईंनी, तोंड उघडलं. "इहीणबाई फाट्यावर उघड्यावर बसून भाकरी खात्यात, आन् घर चार पावलांवर असून येत न्हाईत. लोकं काय म्हणायलेत ते तुला ऐकू येतंय का? आमी काय खायला घालत न्हाई का?" त्या वाईट नव्हत्या. त्यांनी स्वतः निरोप पाठवून मायला घरी बोलावलं होतं. माय उंबऱ्याच्या आत आली नाही, त्याचा त्यांना अपमान वाटला, आणि त्यांच्या जागी मलाही वाटला असता. मायला कुणीतरी हे जाऊन सांगितलं. त्यानंतर ती फाट्यावर आली नाही. आता वाटतं, दोघींपैकी एकीनं जरी हट्ट सोडला असता! पण त्या वेळी दोघीही आपापल्या घराची अब्रू सांभाळत होत्या, आणि मायच्या बुबुळावर केस घासत होते.

मग मी केवळ पंचमीला आणि दिवाळीला माहेरी जायची. गेल्या गेल्या हातपाय न धुता मायला ओट्यावर बसवायची. एका पंचमीला मी तिची पापणी वर उचलली आणि माझा हात थांबला. उजव्या बुबुळावर पांढरट साय आली होती. डाव्यावरही कडेनं धूर धरल्यासारखं दिसत होतं.

"माय, हे काय गं?"

उत्तर आबांनी दिलं, तेही आनंदानं. "मोतीबिंदू हाय. पिकायलाय."

त्यांचा आनंद समजायचा तर आमच्या शेजारच्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगायला हवी. त्याला मोतीबिंदू होता. परभणीच्या डोळ्यांच्या शिबिरात त्याला डॉक्टरांनी सांगितलं होतं की अजून पिकला नाही, पुढच्या साली या. तो पुढच्या साली गेला आणि जाड भिंगाचा चष्मा लावून परत आला. आठ दिवस गाव त्याच्या दारात लोटला होता. म्हातारा समोरच्याच्या अंगरख्याची बटणं मोजून दाखवायचा. तेव्हापासून साऱ्या बोरीला पक्कं ठाऊक झालं की डोळ्यात पांढरं आलं की घाई करायची नाही. पिकू द्यायचं. मग ते काढता येतं आणि माणसाला दिसायला लागतं. देवी आलेल्यांच्या डोळ्यात फूल पडलेलं आम्ही पाहिलं होतं, पण तो एक ठिपका असतो. मायचं तर बुबुळच दुधाळ होत चाललं होतं. मोतीबिंदूच तो, दुसरं काय असणार? मलाही तेच वाटलं.

आबा रोज सकाळी मायला उजेडाकडे तोंड करायला लावून बघायचे. कणसातला दाणा दाबून बघावा तसे ते तिच्या डोळ्याकडे बघायचे. "आजून हिरवट हाय," म्हणायचे. किंवा, "आता धरायलाय बरं का." केस उपटायचंही त्यांनी कमी केलं. ऑपरेशनच होणार तर तिला उगाच कशाला छळायचं, असा त्यांचा विचार. मायला भिंत धरावी लागू लागली. तरी घरात कुणाला काळजी नव्हती. जितकं कमी दिसेल तितकं पिकलं, असा सगळा हिशेब होता. मायसुद्धा खुशीत असायची. "आज तुझं तोंड दिसंना बाई," हे ती मला चांगली बातमी सांगावी तसं सांगायची.

अखेर मला दिवस गेले. त्याच हिवाळ्यात परभणीला शिबीर भरणार असल्याचं कळलं. मायला वाटलं, सगळं कसं जुळून आलं. लेकरू यायच्या आत तिला दिसायला लागणार, आणि लेकरू आलं की रीतही सुटणार. "आधी नातवाचं तोंड बघीन," ती गाडीत माझा हात धरून म्हणाली, "मग तुमच्या सगळ्यांची." मी पाचव्या महिन्यात होते. आत्याबाईंनी स्वतः मला पाठवलं आणि मायसाठी लाडू बांधून दिले.

शिबीर एका शाळेत होतं. वर्गातली बाकं जोडून त्यावर तपासणी चालली होती. आमची पाळी आली तेव्हा आबा पुढं होऊन म्हणाले, "साहेब, पुरा पिकू दिला. वर्षाच्या वर वाट बघितली."

डॉक्टरांनी विजेरी मारली. मग काडेपेटीतली काडी घेतली, तिच्यावर मायची वरची पापणी उलटी केली आणि बराच वेळ बघत राहिले. दुसरा डोळाही तसाच पाहिला. त्यांनी बसा म्हटलं.

"हा मोतीबिंदू नाही," ते म्हणाले. "मोतीबिंदू आत असतो. हे वरच्या काचेवर आहे. पापणीच्या केसांनी घासून घासून काचच खराब झालीय. ही काच परत साफ होत नाही."

आबांना कळलं नाही. ते म्हणाले, "मंग अजून कच्चा हाय का? पुढच्या साली आणू का?"

डॉक्टरांनी विजेरी खाली ठेवली. मग त्यांनी पुन्हा समजावून सांगितलं, या खेपेला हळू. पापणी बाहेर वळवायचं लहानसं ऑपरेशन असतं. ते आधी झालं असतं, निदान हे पांढरं दिसलं तेव्हा लगेच आणलं असतं, तर नजर राहिली असती. आता ते पापणी वळवून देतील. टोचणं थांबेल. डाव्या डोळ्यानं उजेड-अंधार कळेल, त्याहून जास्त नाही.

"माझा एक घ्या की," आबा म्हणाले. "मला दोनाची काय गरज हाय?" जिवंत माणसाचा डोळा काढून दुसऱ्याला बसवत नाहीत, हे ऐकल्यावर ते मान खाली घालून उभे राहिले. त्यांचा हात मायच्या खांद्यावर होता. भर लोकांत त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

मायनं एवढंच विचारलं, "हे येतं कशानं, साहेब?"

त्यांनी मनापासून सांगितलं. लेकरांच्या डोळ्यांतून येतं, म्हणाले. एकाचे डोळे पुसले त्याच पदरानं आई दुसऱ्याचे पुसते. एका बोटानं घरातल्या सगळ्या लेकरांना काजळ घालते. माश्या बसतात. तोंडं धुतली जात नाहीत. असं एकाचं दुसऱ्याला होतं, आणि सारखं सारखं झालं की पापणी आखडते. मग त्यांनी माझ्या पोटाकडे बघून मला बजावलं, "बाळाला काजळ घालू नका. तोंड रोज स्वच्छ धुवायचं."

खरं तेच ते सांगत होते. मी आजही त्यांना दोष देत नाही. मात्र दुष्काळात विहिरीच्या तळाला वाटी लावून पाणी भरायचं आणि त्यात सहा माणसांची तहान भागवायची, तेव्हा तोंड धुवायला कुठलं आणायचं, हे त्यांना विचारावंसं मला फार वाटलं होतं. मागं मोठी रांग होती.

"म्हंजी माझ्या लेकरांना म्याच दिलं," माय म्हणाली.

"त्यांच्याकडून तुम्हालाही आलं असेल," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढच्या माणसाला बोलावलं. मायनं त्यांचं हे दुसरं वाक्य ऐकलं की नाही कोण जाणे.

पापण्यांचं ऑपरेशन झालं. पट्ट्या सुटल्या तेव्हा मायनं कितीदा तरी डोळ्यांची उघडझाप करून बघितली. "टोचंना," ती नवलानं म्हणाली. जन्मभर टोचणारे डोळे गप्प झाले होते, आणि आता त्यांना काही दिसत नव्हतं. मी वऱ्हांड्यात जाऊन पोटभर रडून आले.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण मायला दिसत नाही म्हणून आत्याबाईंनी मला ठेवून घेतलं. मुलगी झाली. ती रांगायला लागायच्या सुमाराला आबा मायला घेऊन आले. आता येण्यात काही आडकाठी नव्हती. आत्याबाईंनी तिला हाताला धरून उंबऱ्याच्या आत घेतलं, पाट मांडला, पाणी दिलं. माय ते पाणी घटाघटा प्यायली. दोघी विहिणी कितीतरी वेळ बोलत बसल्या.

मी पोरीला तिच्या मांडीवर दिलं. मायनं तिचे पाय चाचपले, पोटऱ्या, कंबर, पाठ. हात खांद्यापर्यंत आले आणि थांबले.

"कुणावाणी हाय गं?"

"तुझ्यावाणी. नाक तर अगदी तुझं."

"आन् डोळे?"

"साफ आहेत. टपोरे आहेत."

"केस बाहेर हायत ना पापणीचे?"

"बाहेर आहेत, माय. लांब आहेत. तू हात लावून बघ ना."

तिनं दोन्ही हात पाठीमागं घेतले. मी तिला समजावलं की शिबिरातल्या नर्सबाईंना मी मुद्दाम विचारलं होतं. तुझा आजार जुना, कधीचाच संपलेला, त्याचा आता कुणाला संसर्ग होत नाही. आत्याबाईंनीही समजावलं. माय मान हलवत राहिली. "ऱ्हाऊ दे," म्हणाली. "आईकडून माझ्याकडं आलं. आता बास." ती महिनाभर राहिली. पोरीला झोके दिले, गाणी म्हटली, तिचे पाय चेपले, न्हाऊ घालताना पाठ चोळली. गळ्याच्या वर तिचा हात कधी गेला नाही.

जायच्या दिवशी ती ओट्यावर बसली होती. पोर रांगत तिच्या मांडीवर चढली, तिचा हात धरला आणि स्वतःच्या गालावर नेऊन ठेवला. क्षणभर मायनं हात तसाच ठेवला. तिची बोटं एकदाच हलली, पोरीच्या डोळ्याच्या कडेनं, हळूच. मग चटका बसल्यासारखे तिनं दोन्ही हात वर उचलले आणि ओरडली, "घे हिला! लवकर घे! आधी हिचं तोंड धू!"

मी पोरीला उचललं. न्हाणीत नेऊन मोरीपाशी बसवलं. माय ओट्यावरून विचारत होती, साबण घेतलीस का, डोळ्यांच्या कोपऱ्यात नीट बघितलंस का, पाणी बदललंस का. तिला ऐकू जावं म्हणून मी तांब्यानं मोठमोठ्यानं पाणी ओतत पोरीचं तोंड धुतलं. धुण्यासारखं त्यावर काहीच नव्हतं.